छोट्या इंजिनाचे दुखणे

दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात. विष्णुपुरीला आमच्या घरी मात्र रूळ मांडले जातात. पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हा नाद कसा लागतो हे सांगायला नको. आमची गाडी खऱ्या गाडीच्या ८७व्या हिश्शाची, दोन रुळांत अंतर अवघे १६.५ मिलिमीटर. पण इंजिन माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंचे, म्हणून घरात त्याचे मोल मोठे.

यंदा ते हूं की चूं करीना. हुंगून पाहिले तर जळका वास. डीकोडर गेला होता.

डीकोडर म्हणजे इंजिनाच्या पोटातली बोटाच्या पेराएवढी पट्टी. पूर्वी रुळांतली वीज वाढवली की त्यावरची सगळी इंजिने एकदम पळत. नव्या पद्धतीत रुळांत सुमारे १५ व्होल्टची वीज कायम खेळती असते आणि तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. त्या उलटण्याच्या वेळेतच निरोप असतो: अर्ध्या फेऱ्याला ५८ मायक्रोसेकंद लागले तर ‘एक’, १०० किंवा जास्त लागले तर ‘शून्य’. डीकोडर आपला नंबर ऐकतो आणि तेवढाच हुकूम पाळतो.

नवा डीकोडर टपालाने मागवला. शेजारचा मुलगा इथल्याच श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत शिकतो. तो म्हणाला, “काका, नवा बसवायला वेळ लागणार नाही. पण जुना कशाने मेला ते आधी पाहू, नाहीतर हाही त्याच वाटेने जाईल.”

जुना डीकोडर काढला. तारांचे रंग ठरलेले असतात: लाल-काळी रुळांकडून येणाऱ्या, नारिंगी-करडी मोटारीकडे जाणाऱ्या. मोटारीला वीज मिळायची ती डीकोडरमधूनच. चाकांशी तिचा परस्पर संबंध असता कामा नये. आम्ही मीटरचे एक टोक मोटारीच्या ब्रशला व दुसरे चाकाला लावले. रोध जवळजवळ शून्य! मोटारीखालचा रोधक कागद झिजून ब्रशची पितळी पट्टी सांगाड्याला टेकली होती, आणि सांगाडा एका रुळाशी जोडलेला होता. चोर सापडला.

मध्ये उष्णता सोसणारी चिकटपट्टी घातली आणि पुन्हा मोजले. आता संबंध तुटला होता. मग नुसत्या मोटारीला ९ व्होल्टची बॅटरी लावली. ती सुरेख फिरली. त्यानंतरच नवा डीकोडर बसवला. तोही एकदम मुख्य रुळावर नव्हे, तर नंबर देण्यासाठी असलेल्या वेगळ्या रुळावर तपासला. तिथे वीज बेताचीच सोडतात. जोडणी चुकली तरी सहसा काही जळत नाही. नवा डीकोडर बहुधा ३ हा नंबर घेऊनच येतो. यंत्राने विचारले, उत्तर आले: ३. मुलांनी टाळ्या पिटल्या.

हाच न्याय घरच्या फ्यूजला. तो उडाला की जाडी तार घालून मोकळे होणारे गृहस्थ तुमच्याही ओळखीचे असतील. त्यांना एवढेच सांगा, तो का उडाला ते आधी पाहा!