वरचे सभागृह (लेखांक सातवा) : सरपंचाला मत का नाही?

या आठवड्यात विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त बारा सदस्यांवर लिहायचे ठरले होते. पण ते बारा जण थांबतील, त्यांना थांबायची सवय आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली बारा नावे राजभवनात पडून राहिली, सरकार गेले, नव्या सरकारने यादी मागे घेतली, प्रकरण कोर्टात फिरले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांचा शपथविधी झाला, तोही दुसऱ्याच सातांचा. त्यात आपला एक आठवडा म्हणजे काहीच नाही.

मध्ये आडवे आले ते घनसावंगी तालुक्यातल्या एका सरपंचांचे पत्र. परिषदेच्या २० जून २०२२ च्या मतदानाची आणि त्याच रात्री सुरतेकडे निघालेल्या बंडखोर आमदारांच्या गाड्यांची हकिकत त्यांनी वाचली होती. त्यांचे म्हणणे असे : आमदारांनी गुप्त मतदानात काय केले ते राहू द्या, पण ‘स्थानिक स्वराज्य संस्थांचे’ म्हणून बावीस आमदार त्या सभागृहात बसतात, असे तुम्ही लिहिता. मग आमची ग्रामपंचायत काय परगावची आहे? मला तर ती मतपत्रिका कधी दिसली नाही.

सरपंचसाहेब, दिसणारही नाही. महाराष्ट्रात विधान परिषदेच्या या बावीस जागांसाठी जिल्हा परिषदेचे सदस्य मत देतात, पंचायत समितीचे सभापती देतात, महानगरपालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायतीचे नगरसेवक देतात, कटक मंडळाचे सदस्य देतात. पंचायत समितीच्या साध्या सदस्याला मत नाही. सभापतीला आहे, कारण तो पदसिद्ध म्हणून जिल्हा परिषदेत बसतो. ग्रामपंचायतीत तर कुणालाच नाही.

याचा अर्थ घनसावंगीत उभे राहून नीट कळतो. घनसावंगी ग्रामपंचायत होती तोवर इथल्या एकाही सदस्याला परिषदेचे मत नव्हते. नगरपंचायत झाली आणि सतरा जण मतदार झाले. तीर्थपुरीचेही तसेच, तिथेही सतरा. गाव तेच, गल्ल्या त्याच, पाणीटंचाई तीच. कार्यालयावरची पाटी बदलली आणि वरच्या सभागृहाचे दार उघडले. पलीकडे जांब समर्थ, खुद्द रामदासांचे जन्मगाव. तिथल्या सरपंचाला मात्र मत नाही. आणि २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जातो. म्हणजे नगरसेवक एका प्रभागाचा, सरपंच अख्ख्या गावाचा. तरी मत नगरसेवकाला.

आणखी गंमत हवी असेल तर गावातल्या शाळेत जा. माध्यमिक शाळेतल्या पदवीधर गुरुजींना या सभागृहासाठी दोन मते आहेत : एक पदवीधर मतदारसंघाचे, एक शिक्षक मतदारसंघाचे. त्याच पोरांना अक्षरओळख करून देणाऱ्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींना शिक्षक म्हणून मत नाही, कारण कायद्याला माध्यमिकच्या खालची शाळा चालत नाही. ते पदवीधर असतील तर एक मत. गावाने निवडून दिलेला सरपंच दहावी शिकलेला असेल तर शून्य.

हे कुणी मुद्दाम केले, असे मला वाटत नाही. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमात नगरपालिका आणि जिल्हा मंडळे यांची नावे आहेत आणि पुढे ‘संसद कायद्याने ठरवील अशा इतर संस्था’ असे म्हटले आहे. त्या संस्था कोणत्या, ते लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या चौथ्या अनुसूचीत राज्यवार दिले आहे. महाराष्ट्राच्या नावापुढे ग्रामपंचायत नाही. ज्या काळात हे ठरले त्या काळात ग्रामपंचायतीला घटनात्मक दर्जाच नव्हता. तो मिळाला ७३ व्या घटनादुरुस्तीने, एप्रिल १९९३ पासून. ग्रामपंचायत घटनेत आली, पण चौथ्या अनुसूचीतली आपली ओळ तशीच राहिली.

इतर राज्यांची ओळ अशी नाही, आणि इथे मला खरी चीड येते. कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्य मत देतात. उत्तर प्रदेशात ग्रामप्रधान देतात, बिहारमध्ये मुखिया आणि वॉर्ड सदस्य देतात. म्हणजे खानापूर तालुक्यातल्या एखाद्या मराठी गावाचा ग्रामपंचायत सदस्य बेंगळुरूच्या विधान परिषदेसाठी मत देतो, आणि घनसावंगी तालुक्यातला मुंबईच्या परिषदेसाठी देऊ शकत नाही. सीमाप्रश्नावर आपण इतकी भाषणे ऐकली. हा मुद्दा कुठल्या भाषणात आल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

फ्रान्समध्ये तर वरचे सभागृह उभेच आहे गावांवर. तिथल्या सिनेटचे ३४८ सदस्य निवडणाऱ्या मतदारांत प्रचंड बहुसंख्य असतात गावोगावच्या नगरसभांचे प्रतिनिधी. अगदी शंभर वस्तीच्या खेड्याचाही एक. १८७५ मध्ये गांबेत्ता या नेत्याने सिनेटला फ्रेंच गावांची महासभा म्हटले होते. त्यामुळे शहरांवर अन्याय होतो, अशी तक्रार तिथे आहे आणि ती खरीही आहे. आपली तऱ्हा बरोबर उलटी.

आता तुम्ही म्हणाल, सरपंचाला मत मिळून असे काय होणार? मानापानाचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. माझा मुद्दा रिकाम्या खुर्च्यांचा आहे.

औरंगाबाद-जालना स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून ऑगस्ट २०१९ मध्ये अंबादास दानवे निवडून गेले आणि पुढे परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची मुदत संपली, आणि जागा तेव्हा भरता आली नाही. कारण असे की, या मतदारसंघात निवडणूक घ्यायची तर किमान ७५ टक्के स्थानिक संस्था कार्यरत हव्यात आणि किमान ७५ टक्के मतदार जागेवर हवेत, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. इकडे ओबीसी आरक्षणाच्या वादात २०२२ पासून जिल्हा परिषदा आणि महापालिकांच्या निवडणुका अडकलेल्या; सगळीकडे प्रशासक. मतदारच नाहीत, तर मतदान कसले? राज्यभर हेच झाले. एकेका सदस्याची मुदत संपत गेली आणि बावीसपैकी बहुतेक खुर्च्या ओस पडत गेल्या. घनसावंगी आणि तीर्थपुरीचे चौतीस नगरसेवक जानेवारी २०२२ मध्ये निवडून आलेले, हातात मत असलेले. पण निवडणूकच नाही.

आणि त्याच काळात ग्रामपंचायतींचे काय चालले होते? निवडणुका होत होत्या! डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात हजारो ग्रामपंचायतींचे मतदान झाले, नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा झाले. राज्यात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत निवडून आलेली माणसे बसलेली होती. ती चौथ्या अनुसूचीत असती तर ७५ टक्क्यांचा दंडक सहज पुरा झाला असता आणि या खुर्च्या वेळेवर भरल्या असत्या. राज्यात लोकनियुक्त म्हणावी अशी स्थानिक संस्था बव्हंशी गावातच जिवंत होती, आणि नेमके तिलाच यादीच्या बाहेर ठेवलेले. विधान परिषदेत सुधारणा हवी असे मी गेले कित्येक लेखांक म्हणतो आहे. कुठून सुरुवात करायची असे विचाराल तर इथून.

पैशाचा प्रश्न आहेच. औरंगाबाद-जालन्यात २०१९ ला मतदार होते साडेसहाशेच्या आसपास. एवढी यादी म्हणजे उमेदवाराच्या खिशातली डायरी. कुणाची सोयरीक कुठे, कुणाचे बिल कुठे अडकले, सगळे त्यात असते. मतदानाआधी नगरसेवकांच्या ‘सहली’ निघतात, हे जालन्यापासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. सहलीचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, सहलीचा खर्च येत नाही. दोन जिल्ह्यांतले ग्रामपंचायत सदस्य आले तर यादी हजारांत जाईल आणि एवढ्यांना बसमध्ये कोंबता येणार नाही. पण पैसा थांबेल असे मी लिहून देणार नाही. कर्नाटकात डिसेंबर २०२१ च्या निवडणुकीत याद्या लांबलचक होत्या, तरी पैशाचे आरोप झालेच. माझी अपेक्षा एवढीच की साडेसहाशे लोक विकत घेणे सोपे असते ते हजारोंच्या बाबतीत महाग पडेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडे पक्षचिन्हावर होत नाही. परिषदेचे मत आले की पक्ष उघडपणे गावात घुसतील, असे अनेक जाणते कार्यकर्ते सांगतात. मला हे पटते आणि पटतही नाही. आपल्या भागातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, दोन्ही पॅनल कुणाची आहेत ते पारावर बसलेला माणूस पक्षाच्या नावासकट सांगेल. साखर कारखान्याच्या निवडणुकीत काय वेगळे असते? तरीही चिन्हाचा आडपडदा राहिलेला बरा, असे मानणाऱ्यांसाठी मधला मार्ग आहे : सगळ्या सदस्यांना नको, फक्त सरपंचांना मत द्या. मी स्वतः सगळ्यांना द्यावे या मताचा आहे, पण या तडजोडीवर भांडणार नाही.

एक वाचक दरवेळी लिहितात, हे सभागृहच बरखास्त करा. आंध्राने १९८५ मध्ये केले होते, २००७ मध्ये परत आणले, २०२० मध्ये पुन्हा बरखास्तीचा ठराव केला आणि २०२१ मध्ये मागे घेतला. इतके वळसे घेण्याची मला हौस नाही. शिवाय मला वि. स. पागे आठवतात. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा हा माणूस १९६० पासून १९७८ पर्यंत, अठरा वर्षे, परिषदेचा सभापती होता. रोजगार हमी त्यांची. आधी तासगाव भागात प्रयोग, मग राज्यभर योजना, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल. बहात्तरच्या दुष्काळात अंबडच्या पट्ट्यात खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली माणसे अजून आहेत. हाताला काम मागणे हा हक्क आहे, हे कायद्याच्या पुस्तकात लिहून घेणारा माणूस वरच्या सभागृहाच्या खुर्चीवर बसलेला होता. पुण्याच्या पदवीधरांनी ग. प्र. प्रधानांना पाठवले, अमरावतीच्या पदवीधरांनी बी. टी. देशमुखांना तीस वर्षे पाठवले आणि विदर्भाचा अनुशेष परिषदेत सतत जागता राहिला. निवडणारे बरे असले की या सभागृहातून काम होते.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक. वरचे सभागृह हवे की नको हे घटना समितीत प्रांताप्रांताच्या प्रतिनिधींनी आपापले ठरवले. मुंबई हो म्हणाली, मध्यप्रांत-वऱ्हाड नको म्हणाला. आपण तेव्हा हैदराबादेत. तिथल्या १९५२ च्या विधिमंडळात एकच सभागृह होते. अंबड, जालना, परतूर इथल्या लोकांचा विधान परिषदेशी संबंध आला तो १ नोव्हेंबर १९५६ नंतर, मुंबई राज्यात आल्यावर. तिची घडण आपल्याला कुणी विचारून केलेली नाही. ती बदला म्हणायला संकोच कशाला?

बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. चौथ्या अनुसूचीत महाराष्ट्राच्या ओळीत एक शब्द घालायचा. संसदेचा साधा कायदा पुरतो. विधानसभेने तसा ठराव करून केंद्राकडे पाठवायला कुणाचीही हरकत नाही. सरपंच परिषदांच्या मेळाव्यांत मानधनाची मागणी होते, ती रास्तच आहे. तिच्याखाली ही एक ओळ घाला, असे मी पत्रलेखकांना कळवले आहे.

त्यांनी शेवटी विचारले होते : मी बी.ए. आहे, त्याचा काही उपयोग? आहे. सरपंच म्हणून नसले तरी पदवीधर म्हणून मत आहे. औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघात सगळा मराठवाडा येतो; मागचे मतदान १ डिसेंबर २०२० ला झाले, मुदत सहा वर्षांची. मात्र ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते, मागच्या वेळचे नाव आपोआप पुढे येत नाही. अर्हता तारीख १ नोव्हेंबर. तिच्या आधी पदवीला तीन वर्षे झालेली हवीत. नमुना १८ चा अर्ज आणि पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत तहसील कार्यालयात द्यायची. मतपत्रिकेवर फुली किंवा शिक्का नाही, आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनने पसंतीचा आकडा लिहायचा. खिशातले पेन काढलेत तर मत बाद.

बारा जणांचे पुढच्या आठवड्यात, पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांपासून.