शिशाची विषबाधा: मेंदूवर होणारा आघात

शिसे शरीराला कोणत्याही कामासाठी लागत नाही. तरीही शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेते. रक्तातून ते मेंदू आणि मूत्रपिंडांत पोचते, दातांत व हाडांत वर्षानुवर्षे साठते. गरोदरपणात ते हाडांतून पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत जाते.

सर्वाधिक धोका लहान मुलांना असतो. गिळलेले शिसे त्यांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषले जाते. १९७९ मध्ये अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत ते जास्त, त्यांचा बुद्ध्यांक कमी भरला आणि वर्गात लक्षही कमी लागत असल्याचे दिसले. चंचलपणा, उतावीळपणा आणि आक्रमकता यांचाही शिशाशी संबंध आढळतो. मोठ्यांत रक्तदाब वाढतो, रक्तक्षय होतो, मूत्रपिंडे बिघडतात.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. मात्र जुन्या रंगांचे पोपडे, बॅटऱ्या वितळवण्याची ठिकाणे, भेसळीची हळद आणि काही प्रकारचा सुरमा यांतून शिसे आजही घरात येते.

शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही. निदान रक्ततपासणीने होते. मेंदूची हानी सहसा भरून येत नाही, म्हणून शिशाचा स्रोत शोधून तो हटवणे हाच खरा उपाय.