पाहा, पारखा, करा: कार्डाइन यांची कामगार-तरुणांची चळवळ

आता आपण बेल्जियमकडे वळू. जोसेफ कार्डाइन हे कष्टकऱ्याघरचे. सेमिनरीतून सुट्टीला घरी आले, तर कारखान्यात लागलेले शाळासोबती त्यांच्याकडे परक्यासारखे बघू लागलेले. तो घाव आयुष्यभर राहिला. १९१२ मध्ये ब्रुसेल्सच्या लाकन भागात धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली आणि त्यांनी कामगार मुला-मुलींचे गट बांधायला घेतले. त्यातून १९२५ मध्ये ‘तरुण ख्रिस्ती कामगार’ चळवळ रीतसर उभी राहिली.

आपल्याला वाटेल, पोरांना चर्चमध्ये परत आणायची ही युक्ती. तो हेतू होताच, नाकारायचं कशाला? पण पद्धत बघा. आधी पाहायचं: पगार किती, मुकादम कसा वागतो. मग ते शुभवर्तमानाच्या उजेडात पारखायचं. मग काहीतरी करायचं, अगदी लहानसं का असेना. आणि हे सगळं त्या पोरांनीच, धर्मगुरूंनी नव्हे! आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे थॉमस अक्वायनसची व्यवहारबुद्धी आठवते. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी हीच त्रिसूत्री आपल्या परिपत्रकात घेतली.

चळवळीच्या पहिल्या फळीतले फेर्नां तोने आणि पोल गार्से दोघेही संसारी जगातले, धर्मगुरू नव्हेत. १९४५ मध्ये ते डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले.