लॅपटॉपला ताप चढतो तेव्हा...

मे महिन्यातली दुपार. नागपुरातले एक घर. कॉलेजात शिकणारा मुलगा गादीवर लॅपटॉप ठेवून, पालथा पडून ऑनलाइन सराव परीक्षा सोडवतो आहे. सुरुवातीला सगळे ठीक असते. अर्ध्या तासाने आतला पंखा घोंघावू लागतो. मग पडद्यावरचा बाण अडखळत सरकू लागतो, पुढचा प्रश्न उघडायला वेळ लागतो आणि शेवटचे दहा प्रश्न उरलेले असताना पडदा एकदम काळा पडतो.

"आई, पुन्हा बंद पडला गं!"

स्वयंपाकघरातून आलेली आई लॅपटॉपच्या पाठीला हात लावते आणि चटकन मागे घेते. "अरे, हा तर तव्यासारखा तापलाय!"

संध्याकाळी वडील घरी येतात तेव्हा चर्चा 'आता नवाच घ्यायचा की काय' इथपर्यंत पोहोचते. चाळीस-पन्नास हजारांचा प्रश्न असतो. पण त्या लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेले नसण्याचीच शक्यता जास्त असते. जीव वाचवण्यासाठी तो स्वतःहून बंद पडलेला असतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कचेरीच्या टेबलावरचा लॅपटॉप घराघरांत दिवाणावर, गादीवर, उशीवर येऊन बसला. टाळेबंदी उठली तरी अनेक घरांत तो तिथेच राहिला. कचेरीत त्याला सपाट टेबल आणि वातानुकूलित हवा मिळत होती. घरात त्याच्या वाट्याला आली रजई, कापसाची तुसे, रस्त्यावरची धूळ आणि इंदूर, नागपूर, दिल्लीचा उन्हाळा.

उष्णता जाते कुठे?

पूर्वी घरोघरी रात्रभर 'झिरो'चा दिवा जळत असे. नावाला झिरो असला तरी तो साधारण १५ वॅट वीज खाई आणि त्याच्या काचेला बोट लागले तर चटका बसे. साध्या लॅपटॉपचा प्रोसेसरही नेहमीच्या कामात जवळपास तेवढीच वीज घेतो. फरक एवढाच की, ती सगळी वीज नखाएवढ्या चिपमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. गेम खेळण्यासाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये तर हा आकडा १०० वॅटच्याही पुढे जातो. तेव्हा लॅपटॉप तापणे हा दोष नव्हे. तापायलाच हवा. दोष असतो तो ही उष्णता बाहेर न पडण्यात.

ती बाहेर काढण्याची व्यवस्था मोठी सुबक असते. प्रोसेसरवर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते. तिच्यात अगदी थोडे पाणी असते आणि हवा काढून टाकलेली असल्याने ते कमी तापमानालाच उकळते. चिपजवळ त्याची वाफ होते, वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि पाणी होऊन परत येते. अशी नळी अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली करून दाखवली होती. नळीच्या थंड टोकाला कंगव्याच्या दातांसारख्या पातळ पत्र्यांची जाळी असते. छोटा पंखा लॅपटॉपच्या पोटाकडून हवा आत ओढतो आणि या जाळीतून मागच्या किंवा बाजूच्या फटीने बाहेर फेकतो.

या वाटेवर कुठेही अडथळा आला की उष्णता आत साचते. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की आधी आपला वेग कमी करतो. लॅपटॉप 'हळू' झाल्याची तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते. तेवढ्यानेही भागले नाही, तर तो बंद पडतो. यात न साठवलेले काम जाते ते वेगळेच.

हाताची परीक्षा

अडथळा कुठे आहे हे ओळखायला महागडे उपकरण लागत नाही. लॅपटॉप तापलेला असताना टेबलावर ठेवावा आणि गरम हवा जिथून बाहेर पडते त्या फटीसमोर तळहात धरावा.

हवा जोरात आणि चांगली गरम येत असेल तर व्यवस्था नीट काम करते आहे. लॅपटॉपवर कामाचा बोजाच जास्त पडलेला आहे. पंखा घोंघावतो आहे, पण हवा मात्र जेमतेम लागते, तर वाट धुळीने तुंबली आहे असे समजावे. पाठ भाजते आहे आणि आवाजही नाही, हवाही नाही, अशा वेळी पंखाच गेलेला असू शकतो. तो बदलावा लागतो आणि हा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने फार किरकोळ असतो. चौथा प्रकार जरा फसवा आहे. हवा जोरात येते पण थंड लागते, आणि लॅपटॉप मात्र तापून बंद पडतो. याचा अर्थ चिपमधली उष्णता नळीपर्यंत पोहोचतच नाही. बहुधा त्या दोहोंमधला लेप सुकलेला असतो.

काही पातळ लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो. २०२० च्या अखेरीस आलेला एम १ चिपचा मॅकबुक एअर हे त्याचे परिचित उदाहरण. तिथे ही परीक्षा लागू पडत नाही. धातूचे अंगच उष्णता बाहेर टाकते, म्हणून त्याच्यावर वही, रुमाल किंवा जाड कव्हर असू नये एवढे पाहावे.

पलंगावर पाट

गादीवर ठेवलेला लॅपटॉप म्हणजे नाकावर उशी दाबलेला माणूस. पोटाकडच्या फटी गादीत रुततात आणि हवा आत शिरायची वाटच बंद होते. वर पंखा चादरीची तुसे आत ओढत राहतो ते निराळेच. पलंगावर बसूनच काम करायचे असेल तर त्यासाठी खास टेबल आणायलाच हवे असे नाही. माळ्यावर पडलेला जुना लाकडी पाट काढावा. खाली आडव्या पट्ट्या असल्याने तो गादीत रुतत नाही आणि वरचा पृष्ठभाग टणक, सपाट असतो. लॅपटॉपच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची सारखी दोन झाकणे ठेवली तर खालून हवा खेळायला बोटभर जागा मिळते. एवढ्यानेच पंख्याचा आवाज उतरल्याचे पुष्कळदा लक्षात येते.

बाजारात पंखे बसवलेले 'कूलिंग पॅड' मिळतात. पोटाकडून हवा ओढणाऱ्या लॅपटॉपला त्यांचा थोडाफार उपयोग होतो. पण आतली जाळीच तुंबलेली असेल तर बाहेरून कितीही वारा घाला. ते पैसे वायाच जाणार.

मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन्‌तास बसणाऱ्यांनी आपल्या कातडीचाही विचार करावा. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत कांगडी बाळगणाऱ्यांच्या अंगावर उष्णतेमुळे जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडतात, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. २०१० साली स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या डॉक्टरांनी 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात एका बारा वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तो रोज काही तास मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळ खेळत असे आणि त्याच्या मांडीवर अगदी असेच डाग उमटले होते. चटका बसेल इतकी उष्णता नसली तरी ती रोज त्याच जागी लागली की असे होते.

रुईचा थर

वर्ष-दोन वर्षे वापरलेल्या लॅपटॉपची पाठ उघडली की पंखा बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो आणि उघडणारा निराश होतो. खरी घाण असते ती पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधल्या बोळात. तिथे धूळ, केस आणि कापसाची रुई दाबून दाबून घोंगडीच्या तुकड्यासारखा थर तयार झालेला असतो. बाहेरून पाहून तो कधीच दिसत नाही.

लॅपटॉपची वॉरंटी शिल्लक असेल तर घरी उघडण्याच्या फंदात पडू नये, सरळ सेवा केंद्र गाठावे. वॉरंटी संपलेली असेल आणि घरात स्क्रू-ड्रायव्हर नीट धरणारे कुणी असेल, तर तासाभराचे काम आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. कागदावर पाठीचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवून ठेवावा, कारण स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर तो आतल्या पट्टीत घुसतो. कडेचे खटके सोडवायला जुने एटीएम कार्ड पुरते. सुरी वापरू नये. पाठ निघाली की सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सुटी करावी. मग पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने अडवून धरावी आणि मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने रुई काढावी. हवेचा डबा किंवा ब्लोअर मारायचा असेल तर पाती अडवणे अधिकच गरजेचे आहे. भलत्या वेगाने फिरली तर पंखा खराब होतो. घर झाडायचा व्हॅक्यूम क्लिनर आत लावू नये. त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते आणि नाजूक भागांना तिचा धक्का पुरतो.

चिप आणि नळी यांच्यामधला लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, तीन-चार वर्षांनी सुकू लागतो. तो बदलायचा तर नळीचे स्क्रू सोडवून, जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तूरडाळीच्या दाण्याएवढा नवा लावतात. ऐकायला सोपे आहे, पण चिप उघडी असते आणि स्क्रू एका बाजूनेच आवळले तर तिचा कोपरा उडू शकतो. ज्यांनी पूर्वी केलेले नाही त्यांनी हे दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घेतलेले बरे. टूथपेस्ट लावण्याचा सल्लाही कुणी कुणी छातीठोकपणे देतात. ती थोड्याच दिवसांत वाळून जाते.

आता ज्यांच्या हाताला जोरात, गरम हवा लागली होती त्यांच्याविषयी. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबावी. 'टास्क मॅनेजर' उघडतो आणि 'सीपीयू'च्या रकान्यात कोणता प्रोग्राम किती राबवून घेतो आहे हे दिसते. उघडून विसरलेली तीस-चाळीस पाने आणि व्हिडिओ बैठकीत मागची भिंत धूसर करण्याची हौस, हे दोघे नेहमीचे गुन्हेगार. पॉवरच्या प्रगत पर्यायांमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के केल्यास बहुतेक प्रोसेसर अतिरिक्त वेगाची धाव थांबवतात. कामात फारसा फरक जाणवत नाही, उष्णता मात्र बरीच उतरते. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही.

उन्हाळ्यासाठी थोडे वेगळे पथ्य लागते. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत लॅपटॉप वापरावा असे सांगतात. विदर्भात मे महिन्यात घराच्या आतही पारा याच्या वर असतो. जड कामे सकाळी उरकावी. कूलर लावलेल्या खोलीत बसण्याने फायदा होतो, पण लॅपटॉप कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवू नये, पाण्याचे तुषार आत जातात. तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवण्याचा उद्योग तर कुणीच करू नये. बाहेर काढताच आत दव जमते.

खरी भीती बॅटरीची

प्रोसेसर तापला तर लॅपटॉप बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. बॅटरीचे तसे नाही. लिथियम-आयन बॅटरी सतत उष्णतेत आणि सतत पूर्ण भरलेल्या स्थितीत राहिली की तिच्यातल्या रसायनांचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि ती फुगते. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने आग लागण्याच्या धोक्यामुळे सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. तेव्हापासून सुरक्षिततेच्या योजना वाढल्या, पण फुगलेली बॅटरी आजही घराघरांत सापडते आणि लोक ती महिनोन्‌महिने वापरत राहतात, कारण लॅपटॉप चालू असतो!

लक्षणे साधी आहेत. सपाट टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगतो. टचपॅड वर उचलल्यासारखे दिसते किंवा दाबले जात नाही. झाकण पूर्वीसारखे मिटत नाही, पाठीच्या कडेला फट पडते. यांपैकी काहीही दिसले तर लॅपटॉप त्याच क्षणी बंद करावा, चार्जर काढावा आणि पुन्हा लावू नये. 'एवढी फाइल काढून घेतो आणि मग बंद करतो' असे म्हणत बसू नये. फाइली नंतरही काढता येतात. फुगवटा दाबून बसवण्याचा किंवा टाचणीने वायू काढण्याचा प्रयत्न केल्यास तिथल्या तिथे आग लागू शकते. लॅपटॉप गादी, पडदे, कागद यांपासून दूर, फरशीवर ठेवावा आणि लवकरात लवकर सेवा केंद्रात न्यावा. धूर किंवा सी-सी असा आवाज येऊ लागला तर घराचा मेन स्विच जमल्यास बंद करावा, सगळ्यांना बाहेर काढावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला फोन करावा.

ही वेळ येऊ नये म्हणून करायचे ते फार नाही. दिवसभर चार्जर लावूनच काम होत असेल तर बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरण्याची सोय अनेक कंपन्यांनी दिलेली असते, ती चालू करावी. चार्जर उशीखाली किंवा पांघरुणात जाऊ देऊ नये. बॅगेत टाकण्यापूर्वी लॅपटॉप नुसता मिटू नये, 'शट डाउन' करावा. अर्धवट झोपलेला लॅपटॉप बॅगेत जागा होतो आणि बंद पिशवीत तापत राहतो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत तर तो कधीच ठेवू नये.

निकामी झालेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात किंवा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. तिथे ती चेपली जाते आणि पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेवा केंद्रात नवी बॅटरी बसवून घेताना जुनी त्यांच्याच हवाली करावी आणि तशी नोंद पावतीवर मागून घ्यावी.