‘मिग’मधली वेलांटी

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे हवाई दलाने मिग-२१ विमानांना निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंदरहून चर्चगेटला निघालेल्या गाडीत ही वार्ता वाचणाऱ्या गृहस्थांना शेजारच्या विद्यार्थ्याने विचारले, “काका, एमआयजी म्हणजे काय हो?” गृहस्थ कारकुनी पेशातले असावेत. ते उत्तरले, “मध्यम उत्पन्न गट! म्हाडाच्या अर्जावर असतो तो.” डबा हसला, परंतु खरे उत्तर कोणापाशीच नव्हते. प्रस्तुत लेखकालाही ते घरी येऊन धुंडाळावे लागले.

मिग म्हणजे मिकोयान आणि गुरेविच. आर्त्योम मिकोयान आर्मेनियातल्या खेड्यात जन्मलेले, मिखाईल गुरेविच ज्यू कुटुंबातले. १९३९ च्या अखेरीस मॉस्कोत या दोघांकडे विमानरचनेचा नवा विभाग सोपविण्यात आला. रशियन भाषेत ‘आणि’ या अर्थी ‘इ’ हे एकाक्षरी अव्यय आहे. देवनागरीत ते ‘म’च्या ऱ्हस्व वेलांटीत सामावले. आपल्याकडील संक्षेप बहुधा कचेऱ्यांचे आणि योजनांचे. हा दोन माणसांचा, आणि त्यांना जोडणाऱ्या अव्ययाचाही. योगायोग असा की, रशियनमध्ये ‘मिग’ या शब्दाचा अर्थ ‘क्षण’ असाही होतो.

महाराष्ट्राला हे नाव परके नाही. १९६२ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, नाशिकजवळ ओझर येथे विमानांचा कारखाना स्थापन झाला. लोक त्या परिसराला आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. दोन परदेशी अभियंत्यांची आद्याक्षरे अशी एका मराठी गावाला कायमची चिकटली.

१९७१ च्या युद्धात या विमानाने नाव कमावले; पुढे अपघातांनी तेच नाव घराघरांत धास्तीचे झाले. २००१ साली राजस्थानात सुरतगड येथे मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मृत्युमुखी पडले. ठपका वैमानिकावर आला, तेव्हा त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी पुत्राच्या नावासाठी कित्येक वर्षे झुंज दिली. विमान घडविणाऱ्यांची अक्षरे त्याच्या नावात सुखरूप होती. ते उडविणाऱ्याचे नाव तेवढे डागाळू नये, हीच त्यांची मागणी होती. अखेर हवाई दलप्रमुखांचे गौरवपत्र त्यांच्या हाती आले.