सागरतळावरील छत्र : सार्कोफायटॉन

प्रवाळ म्हटले की अंगठीतील लाल पोवळे अथवा समुद्रातील टणक खडक डोळ्यांसमोर उभा राहतो. मृदू प्रवाळांचा परिचय त्या मानाने अल्प आहे. त्यांतील सार्कोफायटॉन ही प्रजाती तांबड्या समुद्रापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत पसरलेली असून भारतात लक्षद्वीप, अंदमान व मन्नारच्या आखातात आढळते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लेसन यांनी १८३४ साली दिलेल्या तिच्या ग्रीक नावाचा अर्थ ‘मांसल वनस्पती’ असा होतो. नाव फसवे आहे. ही वनस्पती नसून असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय.

वसाहतीचा आकार भूछत्रासारखा असतो. खाली गुळगुळीत जाड देठ, वर पसरट छत्र आणि वय वाढेल तशा त्याच्या कडेला पडणाऱ्या चुण्या. छत्रावरील प्राणी, म्हणजे पॉलिप, दोन प्रकारचे असतात. मोठ्यांना पिसासारखी आठ शुंडके असतात. त्यांच्या अधूनमधून बारीक ठिपक्यांसारखे दिसणारे दुसरे पॉलिप वसाहतीत पाणी खेळते ठेवतात. सिन्युलॅरिया या शेजारणीत पॉलिप एकाच प्रकारचे असतात, तर लोबोफायटमच्या माथ्यावर बोटांसारखे उंचवटे किंवा कंगोरे उठतात. आठ शुंडकांमुळे अंगठीतील पोवळे दगडी प्रवाळापेक्षा सार्कोफायटॉनचेच जवळचे नातलग ठरते, ही गंमतच म्हणावयाची! जात निश्चित करण्यासाठी मात्र शरीरातील चुनखडीच्या सूक्ष्म कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात.

ऊतींतील एकपेशीय शैवलांना सूर्यप्रकाश लागत असल्याने तिचे वास्तव्य मुख्यतः उथळ, स्वच्छ व उबदार पाण्यात असते. अधूनमधून पॉलिप आत ओढले जातात, छत्रावर मेणचट पापुद्रा येतो व काही दिवसांनी तो गाळ आणि शेवाळासह गळून पडतो. या अवस्थेतील वसाहत मृत समजली जाण्याचा संभव असतो.

१९९८ साली समुद्राचे पाणी तापल्याने लक्षद्वीपमध्ये दगडी प्रवाळांची मोठी हानी झाली. त्यांचे सांगाडे तरी मागे उरले. सार्कोफायटॉनला अखंड सांगाडा नसतो. वसाहत मेली की मांसल भाग कुजतो, कंटिका वाळूत विखुरतात आणि जागा रिकामी होते. पूर्वीची नोंद नसेल, तर तेथे काही होते हे सांगणेही कठीण. बेटांवर सहली नेणाऱ्या शिक्षकांनी तुकडा न मोडता, वसाहतीस स्पर्श न करता, एक छायाचित्र संपूर्ण छत्राचे व एक पॉलिप स्पष्ट दिसतील असे जवळून घ्यावे. सोबत स्थळ, खोली आणि दिनांक लिहून ठेवावा.