दुकानाला लायसन्स आहे, मग वस्तीने गप्प बसायचे का?

वस्तीच्या तोंडावर देशी दारूचे दुकान असते. महिला मंडळ विचारायला गेले की मालक म्हणतो, "माझ्याकडे लायसन्स आहे. धंदा करायचा हक्क घटनेनेच दिलाय." बाबासाहेबांच्या घटनेचे नाव ऐकून आपल्या आयाबहिणी माघारी फिरतात. म्हणून घटना खरोखर काय सांगते ते समजून घेऊ.

घटनेच्या कलम १९ ने धंद्याचे स्वातंत्र्य दिले आहे, पण लोकहितासाठी त्यावर वाजवी बंधने घालता येतात. कलम ४७ तर सांगते की लोकांचे आरोग्य सुधारणे हे शासनाचे प्राथमिक कर्तव्य आहे आणि औषधाखेरीज मादक पेयांच्या बंदीसाठी शासनाने प्रयत्न करावा. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारावर कोर्टात जाऊन "उद्यापासून दारूबंदी करा" असे मागता येत नाही. मात्र शासनाने दारूवर नियम केले, तर त्या नियमांना या कलमाचे बळ मिळते.

मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदी कायदा केला. त्याला आव्हान दिले गेले. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा कायदा करण्याचा अधिकार राज्याला आहे. दारूचा अंश असलेली औषधे व प्रसाधने वापरण्यावरची बंदी तेवढी रद्द झाली, बाकी बहुतेक कायदा टिकला. तोच आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून लागू आहे आणि दुकानांची लायसन्सही त्याच्याखालीच मिळतात. पुढे १९९४ साली खोडे डिस्टिलरीज खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की दारूचा धंदा हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. लायसन्स म्हणजे शासनाने अटींवर दिलेली परवानगी. अटी मोडल्या तर ती काढून घेता येते.

आपल्या हातात काय आहे? शासनाच्या २००८ च्या आदेशाने गावांना आणि पुढे शहरातल्या वॉर्डांनाही मतदानाने दुकान बंद करण्याचा मार्ग मिळाला. यालाच आपण 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतो. त्या भागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले, तर दुकान बंद.

इथे 'एकूण' हा शब्द लक्षात ठेवा. यादीत ६०० महिला असतील, तर अर्जाला १५० सह्या लागतील आणि मते ३०१ लागतील. मतदानाला ४०० जणी आल्या आणि ३०० जणींनी आडवी बाटली केली, तरी दुकान चालूच राहील. म्हणजे घरी बसलेली बाई नकळत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. म्हणून आधी मतदार यादी मिळवा, गल्लीनिहाय नावे वाटून घ्या, सही यादीतल्या नावाप्रमाणेच करा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे द्या, एक प्रत राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना द्या आणि पोच घ्या.

हातभट्टीला मात्र मतदान लागत नाही. ती मुळातच गुन्हा आहे. पोलीस किंवा उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी तक्रार पुरेशी आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. अशा दारूत मिथेनॉल असते. पिणाऱ्याला धूसर दिसू लागले, उलट्या झाल्या, धाप लागली, तर झोपवून ठेवू नका, लगेच सरकारी दवाखान्यात न्या. उशीर झाला तर डोळे जातात, जीवही जातो.

आणखी एक गोष्ट. दुकान बंद झाले की रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटते. हात थरथरणे, फिट येणे, भास होणे असे घडू शकते. त्याला टोमणे मारू नका, डॉक्टरकडे न्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत फोन आहे.

पाचवे शील आपण विहारात रोज घेतो. ते घरातल्या माणसाला पाळता यावे म्हणून वस्तीच्या तोंडावरचे दुकान हटवणे, हेही धम्माचेच काम आहे. पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर मतदार यादी घेऊन बसा.

जय भीम! नमो बुद्धाय!